भाकरीआधीचा पाठ

“देवाची चेष्टा या घरात चालणार नाही,” अभिमन म्हणाला आणि भाकरीची टोपली त्यानं आपल्या मांडीजवळ ओढून घेतली.

“चेष्टा कोणी केली?” तानुबाईनं तव्यावरची भाकर उलटली. “तुम्ही विचारलं, पोरीनं सांगितलं.”

“पुस्तकात आहे ते सांगितलं नाही.”

“नसेल पुस्तकातलं. खोटं होतं का, ते सांगा.”

अभिमननं टोपलीवर फडकं ओढलं. भांडण तिसऱ्यांदा फिरून त्याच जागी येऊन थांबलं होतं. त्याच्यासमोर सात वर्षांची नात मिरी रिकामी थाळी पुढ्यात घेऊन बसली होती. तिच्या शेजारी धाकटा मुलगा चिंधा मान खाली घालून कढीत भाकर कुस्करत होता, जणू त्या कढीत काही हरवलं आहे. चिंधाची बायको वच्छला तोंडाला पदर लावून दाराशी उभी होती, कारण मघाशी तिला हसू फुटलं होतं आणि ते सासऱ्यानं पाहिलं होतं.

झालं होतं ते एवढंच. रोजच्याप्रमाणे अभिमननं प्रश्नोत्तरांचं छोटं पुस्तक उघडलं, ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, देवाला काय काय ठाऊक आहे? उत्तर खाली छापलेलं होतं. देव सर्वज्ञ आहे, त्याच्यापासून काहीही गुप्त नाही. मिरीनं वर आढ्याकडं पाहिलं, मग टोपलीकडं पाहिलं आणि म्हणाली, “बठ्ठं ठाव शे त्याले. माले भूक लागनी, हाई बी ठाव शे.”

त्या दुपारी मिरी उपाशी उठली. तानुबाईही जेवली नाही. पण आपण न जेवल्यानं दुसऱ्याचं पोट भरत नसतं, हे तिला अठ्ठावीस वर्षांपासून माहीत होतं, आणि त्या दुपारी भांडी घासताना तिला जास्त राग कोणाचा आला असेल, तर तो स्वतःचाच.

धुळ्यात पांझरेच्या अलीकडे मिशनच्या कंपाउंडाला लागून ख्रिस्ती मंडळीची वीसेक घरं होती. त्या वीसही घरांत एकच रीत होती. पाच वर्षं पुरी झालेल्या पोरानं आधी पाठ म्हणायचा आणि मग भाकरीला हात लावायचा. पाठ आला नाही तर त्या वेळची भाकर नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना झाली की सगळी मंडळी लिंबाखाली एकत्र जेवायची. तिथंही पोरांची रांग लागायची, अभिमन एकेकाला प्रश्न विचारायचा, आणि जे पोर अडलं ते देवळाच्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. मोठ्या माणसांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि वांग्याचं भरीत खाऊन हात धुतले की उरलंसुरलं त्या भिंतीकडं जायचं. आपलं पोर भिंतीला उभं असताना आयांनी इकडं घास गिळायचा, आणि तो गिळताना चेहरा साधा ठेवायचा. ज्या बाईला हे जमत नसे तिचा विश्वास कच्चा समजला जाई.

उपासना घेणारे पाळकसाहेब परगावचे. ते महिन्यातून दोनदा यायचे आणि पोरांचं काम अभिमनकडं सोपवून मोकळे व्हायचे. अभिमन मंडळीचा वडील, म्हणजे निवडलेला कारभारी, देवळातले सगळे बाक त्याच्या हातचे, आणि शिवाय त्याची साक्ष, देव कसा भेटला ती गोष्ट, सगळ्यांना तोंडपाठ होती. दर नाताळात तो ती उभा राहून सांगे. संवत छप्पनच्या मोठ्या दुष्काळात त्याचे आईबाप रस्त्यावर गेले. दहा वर्षांचा तो चालत चालत मिशनच्या अनाथाश्रमात येऊन पडला. तिथं जेवणाआधी वचनं म्हणावी लागत. एके दिवशी तो वचनात अडला, आणि त्या दिवशी त्याला भाकर मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं दहा वचनं बिनचूक म्हटली आणि त्याला भाकर मिळाली. इथं अभिमनचा आवाज भरून यायचा. “त्या दिवशी मला कळलं,” तो म्हणायचा, “की वचन आधी आणि भाकर मागून.” सगळी मंडळी डोळे पुसायची. तानुबाईनंही पुष्कळ वर्षं पुसले होते.

अभिमन वाईट माणूस असता तर तिला सोपं गेलं असतं. तो दारू पीत नव्हता. बायकोवर त्यानं कधी हात उगारला नव्हता. सकाळी रंधा धरला की संध्याकाळपर्यंत मान वर करत नसे. मागं टायफॉईडमध्ये तिला उठता येत नव्हतं, तेव्हा सतरा दिवस त्यानं स्वतः चूल पेटवली आणि मंडळीतल्या पुरुषांनी हसून घेतलं तरी हूं की चूं केलं नाही. फक्त टोपली. टोपलीपाशी आला की हा माणूस दगड व्हायचा, आणि त्या दगडाला सगळे देवभक्ती म्हणायचे.

तानुबाई आश्रमातली नव्हती. अमळनेरजवळच्या एका खेड्यात तिचा बाप मगन सुंभ वळायचा. ती नऊ वर्षांची असताना त्यानं बाप्तिस्मा घेतला. घरात पुस्तक नव्हतं आणि असतं तरी बापाला वाचता येत नव्हतं. फिरत्या उपदेशकाकडून ऐकलेली गोष्ट तो सुंभ वळता वळता पोरांना सांगायचा. एका माणसाच्या दोन पोरांची गोष्ट सांगताना घर सोडून गेलेलं धाकटं पोर भुकेनं डुकरांपाशी पोचलं की त्याचा हात थांबायचा, आणि पोरं ओरडायची, पुढं, बाबा, पुढं. पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती धुळ्याला आली तेव्हा तिला वाटलं, आपल्या बापाला काहीच येत नव्हतं, खरा धर्म इथं आहे, पुस्तकात आणि रांगेत. मोठी माणसं म्हणतात त्यात काही असेल, असं म्हणत ती गप्प राहिली. ती अठ्ठावीस वर्षं गप्प राहिली.

त्या गप्प बसण्यात तिचा थोरला मुलगा झुलाल वाढला. झुलाल हट्टी. सहाव्या वर्षी तो लागोपाठ चार दुपारी उपाशी बसला, पण पाठ म्हणाला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला. त्यानंतर त्याचा पाठ कधी चुकला नाही. बाराव्या वर्षी त्यानं मंडळीपुढं उभं राहून ते अख्खं पुस्तक, पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या उत्तरापर्यंत, एका दमात म्हणून दाखवलं. अभिमननं त्याला उचलून घेतलं. झुलाल खाली उतरला, पोटभर जेवला, हात धुतले आणि आईला म्हणाला, “आता झालं माझं.” त्या वेळी तिला वाटलं जेवण झालं असं म्हणतोय. सोळाव्या वर्षी तो अमळनेरच्या गिरणीत गेला. आज त्याला कोणताही प्रश्न विचारा, उत्तर तयार. पुस्तक अख्खं पाठ, आणि दहा वर्षांत देवळाची पायरी चढला नव्हता.

आता त्याच झुलालनं मिरीला धुळ्याला धाडलं होतं, मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकावी म्हणून. सोबत पत्र होतं. चिंधानं ते हळू आवाजात आईला वाचून दाखवलं. पोरीला शाळेत घाला. पण आबांच्या टोपलीपुढे तिला बसवू नका. बसवली असं कळलं तर मी येऊन घेऊन जाईन, आणि मग तुमच्या देवाचं नाव तिच्या कानावर पुन्हा पडू देणार नाही.

पत्र अभिमनलाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, गिरणीतल्या माणसानं देवाच्या घरातले कायदे करायचे नाहीत. तानुबाई म्हणाली, बघू. त्या एका शब्दाची तिला पुढं फार लाज वाटली.

मिरी मात्र आजीच्या अंगावर वेलासारखी चढली. शाळेतून आली की ती तानुबाईजवळ सुपाशी बसायची. तानुबाई डाळ पाखडायची आणि बापाकडून ऐकलेल्या गोष्टी सांगायची. हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली तेव्हा मिरीनं विचारलं, मेंढपाळ एका मेंढरामागं गेला, मग बाकीची नव्याण्णव कोणाजवळ ठेवली? तानुबाईला हे कोणी कधी विचारलं नव्हतं. पुस्तकात हा प्रश्न नव्हता. तिनं कबूल केलं की तिला माहीत नाही. दोघींनी मिळून ठरवलं की त्याची बायको असेल घरी, तिच्याजवळ ठेवली असतील. दुसऱ्या दिवशी मिरी येऊन म्हणाली, “आजीमाय, मी हरपनू तर तो येईन का मना मांगे?” तानुबाई म्हणाली, येईल. मिरीनं जरा विचार केला आणि आपली चिंधीची बाहुली मुद्दाम सागाच्या लाकडांच्या ढिगात लपवली, मग स्वतःच शोधून काढली, आणि बराच वेळ तिला पोटाशी धरून बसली. तानुबाईला वाटलं, अठ्ठावीस वर्षांत या घरात पहिल्यांदा कोणी काही शिकलं.

आणि दुपारी तीच पोर टोपलीपुढं खाली मान घालून पाठ पुटपुटायची.

उपाशी उठलेल्या त्या दिवसानंतर मिरी बदलली. चेष्टा थांबली. शाळेतून आली की ती आजीकडं न येता ओसरीवर पुस्तक घेऊन बसू लागली आणि पुढंमागं डोलत घोकू लागली. अभिमन रंधा मारता मारता ऐकायचा आणि मान हलवायचा. “पाहिलंस?” त्यानं बायकोला म्हटलं. “एक जेवण चुकलं आणि पोर मार्गाला लागली.” तानुबाईला मात्र ते डोलणं ओळखू आलं होतं. झुलाल असाच डोलायचा.

पहिला रविवार आला. लिंबाखाली रांग लागली. अभिमननं मिरीला एक विचारलं, तिनं सांगितलं. दुसरं विचारलं, सांगितलं. त्याला चेव आला, तो विचारत गेला आणि ती सांगत गेली, हात मागं बांधून, त्याच्या खांद्यापलीकडं कुठंतरी बघत. चौदा प्रश्न झाले. मंडळीतल्या बायका कौतुकानं एकमेकींकडं बघू लागल्या. अभिमननं तिच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटून प्रार्थना केली आणि आपल्या हातानं तिला सगळ्यांत आधी वाढलं. त्याच वेळी भिंतीला पाच पोरं उभी होती. एकाच्या नाकातून शेंबूड ओघळत होता आणि तो पुसायलाही हात वर करत नव्हता.

मिरीनं खाली मान घालून भाकर खाल्ली. सगळी खाल्ली.

तिसऱ्या प्रहरी घरी आल्यावर तानुबाईनं सूप पुढं ओढलं आणि हाक मारली. ये, आज विहिरीवरच्या बाईची गोष्ट सांगते, पाणी भरायला आली आणि घागर तिथंच विसरून गेली ती. मिरी उंबऱ्यावर बसून पायाचा अंगठा चोळत होती. तिनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रुसवा नव्हता. दुकानदाराला पैसे चुकते करून बाहेर पडलेल्या माणसासारखा तो चेहरा होता.

“आते कशाले?” ती म्हणाली. “जेवन व्हयनं ना.”

तानुबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. आता झालं माझं, असं चौदा वर्षांपूर्वी कोणीतरी म्हटलं होतं आणि तिला ते जेवणाबद्दल वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापायच्या सोडून ती कंपाउंडाच्या टोकाच्या खोलीत गेली. तिथं बेबाबाई राहायची. दुष्काळात आश्रमाची चूल जिनं सांभाळली ती हीच. आता दात नव्हते, डोळ्यांना अंधुक दिसायचं, पण आश्रमातल्या कोणत्या पोराला खरूज होती आणि कोण अंथरुणात मुतायचं हे तिला नावानिशी आठवायचं, आणि ती ते मंडळीच्या वडिलांसमोरही सांगायची, म्हणून फारसं कोणी तिच्याकडं फिरकत नसे.

तानुबाईनं सरळच विचारलं. अक्का, पाठ म्हटल्याशिवाय तुमच्या वेळी भाकर मिळत नव्हती, हे खरं का?

म्हातारी आधी बघतच राहिली. मग तिनं सांगितलं ते असं. दोनशे पोरं, दोन तवे. भाकरी होईपर्यंत पोरं चुलीवर तुटून पडायची. एक पोर भाजलंसुद्धा. तेव्हा आश्रमाच्या गोऱ्या मडमनं त्यांना अंगणात बसवून वचनं आणि गाणी म्हणायला लावली, तोंड गुंतलेलं राहावं म्हणून. “भाकर व्हवापावत पोरं दम धरोत, म्हनीसन,” बेबाबाई म्हणाली. “ज्याले ये त्यालेबी भेटे, ज्याले नही ये त्यालेबी भेटे. बठ्ठासले भेटे. भुक्या पोरले कोन इचारस पाठ?”

मग अभिमनला एक दिवस भाकर मिळाली नाही ती? तानुबाईनं विचारलं.

म्हातारीला तोही दिवस आठवत होता. त्या दिवशी धान्याची गाडी आलीच नाही. होतं नव्हतं ते पीठ झाडून भाकरी केल्या आणि शेवटची अकरा पोरं तशीच राहिली. त्यात घडाघडा वचनं म्हणणाऱ्या दोन पोरी होत्या. अभिमन वचनात अडला, त्याला लाज वाटली आणि तो आपणहून उठून रांगेच्या शेवटाला जाऊन उभा राहिला. त्याला कोणी पाठवलं नव्हतं. मडम आत येऊन रिकाम्या टोपलीजवळ बसून रडली. दुसऱ्या दिवशी गाडी आली. सगळ्यांना मिळाली, त्यालाही मिळाली.

तानुबाई उठली. परत येताना वाटेत तिला दोन जणींनी हटकलं, तरी ती चालतच राहिली. एका पोराचा गैरसमज. दहा वर्षांच्या भुकेल्या पोरानं केलेली चुकीची बेरीज. त्यावर वीस घरांनी इतकी वर्षं आपली पोरं भिंतीला उभी केली, आणि एकीनंही उठून त्या चूल सांभाळणाऱ्या बाईला विचारलं नाही. तिचं तोंड बघायला नको होतं ना कोणाला. आणि आपण? आपण तर वीसेक पावलांवर राहत होतो.

दुपारी सगळे जेवायला बसले. अभिमननं टोपली मांडीजवळ घेतली आणि पुस्तक उघडलं. तानुबाईनं तवा उतरवला, हात पुसले आणि त्याच्यासमोर येऊन बसली. बेबाबाईनं सांगितलं ते तिनं जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द वर नाही की खाली नाही. अभिमन ऐकत होता. मधेच म्हणाला, म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही. तानुबाई म्हणाली, नसेल, पण तुमच्या पुढं कोण उभं होतं ते तिला आठवतं. अंबी आणि तिची लहान बहीण. दोघींना वचनं येत होती. त्यांना मिळाली होती का भाकर त्या दिवशी?

अभिमनचं बोट ओळीवर होतं. ते तिथंच राहिलं. तो म्हणाला, “अंबी माझ्या पुढं उभी होती, रडत होती.”

“का रडत होती?”

चिंधानं पहिल्यांदाच मान वर करून बापाकडं पाहिलं.

“मी दहा वचनं म्हटली दुसऱ्या दिवशी,” अभिमन म्हणाला. आवाज नाताळातला नव्हता. “म्हटली, म्हणून मिळाली.”

“गाडी आली म्हणून मिळाली.”

“मग मी एवढी वर्षं...” तो थांबला. मग सुताराचं ते जाड बोट त्यानं पुस्तकात घालून पुस्तक मिटलं आणि बोलणं दुसऱ्याच वाटेला नेलं. रीत एकट्याची नाही, तो म्हणाला. मंडळीची आहे. पाळकसाहेबांना विचारावं लागेल, वडिलांची सभा घ्यावी लागेल, लोक म्हणतील सुतार म्हातारपणी सैल झाला. आणि पोरांना धाक नसला तर ती शिकतील कशी? हळूहळू बघू.

बघू हा शब्द तानुबाईनं ऐकला. तिचाच शब्द. झुलालच्या पत्राला तिनं दिलेला.

“झुलालला शिकवलंत ना तुम्ही,” ती म्हणाली. “सगळं पुस्तक शिकवलंत. काय उरलं त्याच्याजवळ? पुस्तक उरलं. आणि काल या पोरीला मी विहिरीवरच्या बाईची गोष्ट सांगायला बोलावलं, तर म्हणते, आता कशाला, जेवण झालं ना. सात वर्षांची पोर. तिला वाटतं देव म्हणजे भाकरीचा दाम आहे, एकदा दिला की फिटला. हे तुम्ही शिकवलंत तिला, आणि मी बसून बघितलं. दुष्काळातसुद्धा त्या मडमनं पाठासाठी कोणाला उपाशी ठेवलं नाही, आणि तुम्ही भरल्या टोपलीजवळ बसून दुष्काळ पाळताय.”

मिरी आजीकडं बघत होती. दाराशी वच्छलाची चार वर्षांची मुलगी आईच्या लुगड्याला धरून उभी होती. पुढच्या महिन्यात तिला पाच पुरी होऊन तीही या पाटावर बसणार होती. वच्छलानं तिला उचललं, आत आली आणि सासऱ्यासमोर पोरीला मिरीच्या शेजारी बसवून तिच्यापुढं थाळी ठेवली.

तानुबाईनं हात पुढं करून टोपली ओढली. अभिमननं ती धरली नाही, सोडलीही नाही. तिनं ओढली तेव्हा ती आली. तिनं मिरीच्या थाळीत भाकर ठेवली, मग दुसऱ्या पोरीच्या, मग चिंधाच्या, मग नवऱ्याच्या.

“ऐका सगळ्यांनी,” ती म्हणाली. “आजपासून या घरात पोरं आधी जेवतील. पाठ बंद. जेवण झालं की मी गोष्ट सांगेन, ज्याला बसायचं तो बसेल, ज्याला खेळायचं तो खेळेल. चिंधा, संध्याकाळी अमळनेरला पत्र लिही, टोपलीचं सगळं लिही, मी पोरीला बसवलं होतं तेही लिही. आणि पुढच्या पहिल्या रविवारी लिंबाखाली वाढणं माझ्याकडं आहे. भिंतीला कोणी उभं राहणार नाही. सभा घ्यायची असेल तर जेवणं झाल्यावर घ्या.”